परत एकदा दाखवा

"परत एकदा दाखवा," निळ्या जाकिटाचे साहेब म्हणाले. "मघाशी मोबाईल उभा धरला होता, आता आडवा धरतो. आणि या वेळी सामानासकट जा, म्हणजे तुमची अडचण लोकांना नीट कळेल."

हमीदाने डोक्यावरची ओढणी सारखी केली, बांगड्यांची पेटी पुढे ढकलली आणि ती परत उभ्या मालगाडीच्या डब्याखाली वाकली.

मी थोडी लांब होते, स्वागताच्या मांडवापाशी खराटा धरून. तेवढ्यात रोह्याच्या बाजूने आवाज आला. खण्. मग खण् खण् खण्. मालगाडी सुटते तेव्हा सगळे डबे एकदम हलत नाहीत. इंजिन पहिल्या डब्याला ओढतं, पहिला दुसऱ्याला, आणि प्रत्येक जोडाचा आवाज एकामागून एक मागे पळत येतो. इंजिन रोह्याच्या तोंडाला होतं. इंजिनापासून हमीदापर्यंत जेवढे डबे, तेवढाच तिला वेळ होता.

"हमीदा, टाक ती पेटी!" मी ओरडले. "झोप! पालथी झोप!"

तिने पेटी टाकली नाही. पेटीचा पट्टा डब्याखालच्या लोखंडात अडकला होता आणि ती दोन्ही हातांनी तो ओढत होती. मी खराट्यासकट डब्याखाली शिरले.

हे काय प्रकरण आहे ते आता नीट सांगते. पेण आणि रोह्याच्या मधल्या एका स्टेशनावर मी सफाईचं काम केलं. स्टेशनाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी लागेल, आणि चौकशी लागली की आधी झाडूवाली सापडते. मी चौथीपर्यंत शिकले. वाचता सगळं येतं. पेपर रोज वाचते, आणि वाचते म्हणूनच माझा पटकन कशावर विश्वास बसत नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला. म्हणाल्या, "सरकार रेल्वेचा कारभार सुधारणार आहे, प्रवाशांचं हित जपणारी नवी व्यवस्था आणायचं चाललंय. तुम्ही स्टेशनात जन्म काढला, तुमचा अनुभव लिहा." मी म्हटलं, माझा अनुभव चांगला नाही. त्या म्हणाल्या, तसाच लिहा.

आमचं काम काय ते बाहेरच्याला वाटतं तेवढं सोपं नाही. फलाट झाडणं हे त्यातलं सगळ्यात हलकं. खराटा माडाच्या झावळीतल्या हिरांचा, तो मी घरी बांधून न्यायची, कारण ठेकेदाराचा झाडू चार दिवसांत टकला होत असे. ठेकेदार बदलत गेले, खराटा माझाच राहिला. बायकांची मोरी धुवायची, पण पाणी नळाला नसायचं, ते बादलीने आणायचं. बायकांच्या बसायच्या खोलीला कायम कुलूप, कारण उघडी ठेवली तर घाण होते असं स्टेशनमास्तर म्हणत. खोली घाण होऊ नये म्हणून बायकांनी बाहेर बसायचं, असा तो हिशेब होता.

साहेब येणार असला की चुना यायचा. चुन्याची पूड फलाटाच्या कडेने आणि रुळांच्या बाजूने सरळ रेघेत टाकायची. येणारा अधिकारी किती मोठा, ते मी गोण्या बघूनच ओळखत असे. लहान साहेबाला फलाटाच्या कडेपुरता चुना. मोठ्या साहेबाला झाडांच्या बुंध्यांनासुद्धा. एकदा तर मोरीच्या मागच्या दगडांना मारायला लावला. साहेब तिकडे गेलेच नाहीत.

तक्रारपेटी होती. हिरव्या रंगाची, भिंतीला ठोकलेली. तिची चावी कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या फटीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी ते काडीने उकरून काढायची, साहेब गेले की माशी परत बांधायला घ्यायची. त्या पेटीचा मनापासून उपयोग केलेला तेवढा एकच जीव मी पाहिला.

आता मालगाडीचं. स्टेशनाची इमारत, तिकिटाची खिडकी आणि गाव या एका बाजूला. पॅसेंजर गाडी लागते पलीकडच्या फलाटावर. मधे एक जास्तीची लाईन आहे. दुसऱ्या गाडीला पुढे जाऊ द्यायचं असलं की मालगाडी तिथे आणून उभी करतात. ती कधी लगेच जाते, कधी अर्धा दिवस हलत नाही. तिची लांबी एवढी की दोन्ही टोकं स्टेशनाबाहेर. वळसा घालून जावं तर पॅसेंजर निघून जाते. मग माणसं काय करणार? डब्याखालून वाकून पलीकडे जातात. चुकीचं आहे, गुन्हा आहे, पाटी लावलेली आहे. पाटीच्या खाली मुलं दप्तरं ठेवून वाकतात.

धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी माणसं त्यात सगळ्यात तरबेज. डोक्यावर कंपनीचं हेल्मेट असतंच, टण्णकन आपटलं तरी पुढे. डोलवीला ठेक्यावर जाणारी पोरं डब्यांच्या मधल्या जोडावर चढून उडी मारत. ती मात्र मला बघवत नसे.

एकदा एक गृहस्थ पेणहून गणपती घेऊन उतरले. मूर्ती बेताची, मांडीवर मावेल एवढी. समोर मालगाडी उभी. बरोबरची माणसं वाकून पलीकडे गेली, हे तिथेच बसले. "देवाला डब्याखालून नाही नेणार," म्हणाले. मूर्तीवर छत्री धरून दुपारपर्यंत बसून राहिले. गाव मालगाडीच्या पलीकडून ओरडत होतं, "अहो काका, ब्राह्मण वाट बघून चालला!" काका हलले नाहीत. तेव्हा हमीदा माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, "तुमच्या बाप्पाचा बरा हाय गो. त्याला कोण वाकायला सांगत नाय."

ही हमीदा बांगड्यावाली. नवरा कितीतरी वर्षं आखातात, ती इथे सासूला आणि दोन मुलींना घेऊन. रोज सकाळच्या गाडीने पेणच्या बाजारात जायची, लग्नसराईत रोह्यापर्यंत घरोघरी बांगड्या भरायला. तिच्या हातात नवरीचा हात गेला की नवरी ओरडत नाही, इतका तिचा हात हलका. तोंड मात्र हलकं नाही. मला ती पहिल्या दिवसापासून चंद्री म्हणते, माझं नाव चंद्राबाई आहे हे ठाऊक असून.

आमच्या स्टेशनाची एक रीत पडली होती. कोणी पाडली ते आठवत नाही. फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की मालगाडीचा सिग्नल दिसतो. तो लाल असेपर्यंत गाडी सुटत नाही. मी झाडता झाडता त्या टोकाला असायची. बायका डब्यापाशी येऊन हाक मारत, "चंद्राबाय, वाकू का?" मी सिग्नल बघायची आणि म्हणायची, "वाका." नाहीतर, "थांबा." माझा शब्द आल्याशिवाय एकही बाई वाकायची नाही. हे माझं काम नव्हतं. पण मास्तरांना ठाऊक होतं, सांधे बदलणाऱ्या सदू पॉइंटमनला ठाऊक होतं, अन् ते चालू होतं. मला कधी कधी वाटतं, आम्ही इतकं नीट निभावून नेलं म्हणूनच कोणाला पुलाची घाई झाली नाही.

पूल झाला होता, हे सांगायचं राहिलं. चांगला, लोखंडी, दोन्हीकडे जिने, वर पत्रा. बांधून पूर्ण झालेला आणि दोन्ही जिन्यांना साखळदंड. का, तर उद्घाटन व्हायचंय. चावी मागायला गेलो तर मास्तर म्हणाले ठेकेदाराकडे. ठेकेदाराचा माणूस म्हणाला इंजिनीयरकडे. इंजिनीयर म्हणाले, पूल अजून ताब्यात घेतलेलाच नाही, मग चावी माझ्याकडे कशी? पुलावर कबुतरं राहायला आली. आम्ही खालून वाकतच होतो.

मग कळलं की प्रवाशांच्या सोयी बघायला समिती येणार. चुना आला. यावेळी गोण्या एवढ्या होत्या की मी समजले, हे वरचे आहेत. बायकांच्या खोलीचं कुलूप निघालं. आत कोरी करकरीत बाकं, त्यांच्यावरचं प्लास्टिक तसंच. मला नवं पिवळं जाकीट दिलं. फलाटाच्या टोकाला मांडव घातला, तिन्ही बाजूंनी कनात आणि वर फलक: प्रवाशांचं हित हेच आमचं काम. मास्तर म्हणाले, "चंद्राबाई, आज इथेच मांडवापाशी उभं राहायचं. झाडत फिरायचं नाही."

"आणि बायका वाकतील त्यांचा काय?"

"आज कोणी वाकणार नाही. मालगाडी आधीच काढतोय."

मालगाडी काही निघाली नाही. समिती आली तेव्हा ती समोरच उभी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मास्तरांचा चेहरा मी पाहिला. मास्तर वाईट माणूस नव्हता. त्याला वरून फोनावर फोन येत होते, की समितीच्या फोटोत मालगाडी दिसता कामा नये. हे वर म्हणजे नक्की कुठे असतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

समितीतले बाकीचे खोलीत चहा पीत होते. निळ्या जाकिटाचे साहेब बाहेर आले. चांगले बोलायचे, हसरे. त्यांनी गाडीची वाट बघणाऱ्या बायकांना विचारलं, "ही अशी गाडी उभी असते तेव्हा तुम्ही पलीकडे जाता कशा?"

गुन्हा कोण कबूल करणार? हमीदा तेवढी म्हणाली, "जातो कशा म्हणजे? वाकून जातो."

"म्हणजे नेमकं कसं?"

"दाखवू?"

"दाखवा की. हे लोकांसमोर आलंच पाहिजे." त्यांनी मोबाईल काढला.

हमीदाने माझ्याकडे बघितलं. "चंद्रे, वाकू का गो?"

माझ्या नेहमीच्या जागेवर मांडव होता आणि सिग्नलच्या आड कनात. मी कनात उचलून पलीकडे गेले, पाहिलं. लाल. "वाक," मी म्हटलं.

ती गेली आणि परत आली. बायका हसल्या. एक म्हणाली, "हमीदा, आता तू पिक्चरमधी." हमीदा पण फुलली होती. मी पुन्हा मांडवापाशी येऊन उभी राहिले, कारण मास्तर आतून हात करत होते. तेवढ्यात साहेब म्हणाले, परत एकदा दाखवा.

या वेळी हमीदाने मला विचारलं नाही. मघाचं माझं 'वाक' तिने दोन्ही वेळांना धरलं. नंतर तिने मला तसंच सांगितलं, "मला वाटला, एकदा बोललीस ना." आणि आत ऑफिसात, त्याच वेळी, मास्तरांनी मालगाडीला सिग्नल दिला होता. कनातीच्या पलीकडे तो हिरवा झाला आणि या बाजूला तो एकालाही दिसला नाही.

मी डब्याखाली शिरले तेव्हा हमीदा पट्टा ओढतच होती. मी तिच्या मनगटावर खराटा मारला. जोरात मारला. तिचा हात सुटला. मी तिला मानेला धरून रुळांच्या मधे पालथी पाडली. मी तिच्या मागे, माझं डोकं तिच्या पायांशी. तिचे गुडघे वर येत होते, घाबरलेलं माणूस गुडघे पोटाशी घेतंच. मी तिचे दोन्ही घोटे धरून खडीवर दाबून ठेवले. मग डबा हलला.

लोक विचारतात, तेव्हा देव आठवला का. नाही आठवला. खडी तोंडात गेली होती. ग्रीसचा वास येत होता. बाजूने चाक आधी सावकाश गेलं, मग जरा भरभर. काहीतरी लोंबकळणारं माझ्या पाठीवरून गेलं आणि झंपर फाडत गेलं. पेटी फुटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काच चुरडल्याचा. हमीदा काहीतरी म्हणत होती. मला वाटलं, ती अल्लाचं नाव घेतेय. नंतर विचारलं तर म्हणाली, "नाय गो. मी बोलत होते, मुलींना कोण आणील शाळेतनं."

बायकांनी मागच्या गार्डला ओढण्या, पदर, काय हातात होतं ते हलवून दाखवलं. आता त्याला गार्ड म्हणायचं नाही, मॅनेजर म्हणायचं, असा हुकूम झालाय. ड्रायव्हरला पायलट. कारभार सुधारायचा म्हणजे आधी नावं बदलायची, असं मी बघत आले. पण तेव्हा तो गार्डच होता, आणि त्याने ब्रेक लावला. गाडी परत आवाज करत थांबली. आमच्या डोक्यावर डबा होताच.

"निघा बाहेर!" सदू पॉइंटमन ओरडला. "गाडी धरून ठेवलीय, निघा!"

आधी मी निघाले, मग तिला पायाला धरून ओढलं. दोन्ही हात, दोन्ही पाय जागेवर होते. कपाळ फुटलं होतं. मनगटावर माझ्या खराट्याचे वळ. ती उठून बसली. तोंडातली खडी थुंकली. समोर निळ्या जाकिटाचे साहेब पांढरेफटक पडून उभे होते, मोबाईल अजून हातात, आडवा.

हमीदा त्यांना म्हणाली, "आला का नीट? का परत दाखवू?"

साहेब म्हणाले, "मी बंद केला होता." हे मला आजही खरं वाटत नाही.

समिती लगेच गाडीत बसून गेली. चहा अर्धा राहिला. संध्याकाळी एक साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, सगळे सुखरूप आहेत. म्हणजे तसं काही झालंच नाही ना?"

मी म्हटलं, "झालं नाही, तर माझा झंपर कोणी फाडला?"

ते म्हणाले, "नवा देऊ." दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाचे दोन्ही साखळदंड गायब होते. कोणी काढले ते ठाऊक नाही. सदू त्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून आला होता. मी विचारलं, "काय झाला रे हाताला?" म्हणाला, "मांजर चावला." मी पुढे विचारलं नाही. आम्ही पुलावरून जाऊ लागलो. कबुतरांना राग आला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी सरकारला दोन शब्द चांगले लिहिले असते. पण काही महिन्यांनी उद्घाटनाचं ठरलं. उघडा पूल उघडता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी परत साखळदंड लावले. नवे, चकचकीत, त्यांना रिबीन बांधून. पाहुणे उशिरा आले. त्याआधीच सकाळच्या गाडीची वेळ झाली, आणि मधे मालगाडी उभी होती. बायका माझ्यापाशी आल्या. "चंद्राबाय, वाकू का?" मी सिग्नल पाहिला. पाहून परत पाहिला. मग एकेकीला सोडलं, प्रत्येकीच्या आधी पुन्हा बघून. हमीदा वाकली नाही. ती त्या दिवशी बाजाराला गेलीच नाही. पाहुण्यांच्या भाषणात प्रवाशांचं हित बरेच वेळा आलं.

आता नवी व्यवस्था येणार म्हणतात. कारभार एका छताखाली, प्रवाशांची बाजू घेणारं वेगळं कोणीतरी, तक्रार मोबाईलवरून. येऊ दे. मोबाईलमध्ये कुंभारमाशीला घर करता येणार नाही, एवढा फायदा मला दिसतो. वाईट हेतूने कोणी करत असेल असं मी म्हणत नाही. निळ्या जाकिटाच्या साहेबांचाही हेतू चांगलाच होता. मला फक्त एवढं विचारायचं आहे, की कुलूप लावलं तर चावी कोणाच्या खिशात असणार. आणि मालगाडी काढा म्हणून त्या दिवशी फोन कोणी केला, हे विचारायची ताकद त्या नव्या माणसांत असणार का. हे ज्यात लिहिलेलं नाही तो कागद कितीही जाड असो, माझ्या लेखी तो चुना आहे.

माझं काम सुटून बरीच वर्षं झाली. खराटा अजून मीच बांधते, घरच्या अंगणापुरता. हमीदा अजून बाजाराला जाते. नवरा परत आला, तो आता तिची पेटी उचलतो. नवी पेटी, तिला पट्टा नाही. गुडघ्यांमुळे ती पूल सावकाश चढते. लिफ्टसाठी खणलेला खड्डा आहे, त्यात पाणी साठतं. कधी मी स्टेशनाच्या बाजूला गेले आणि ती वर असली, तर मधेच थांबून कठड्यावरून ओरडते, "चंद्रे, वाकू का गो?" सगळं स्टेशन वळून बघतं. मी खालून तिला शिवी देते.

त्या डब्याखाली आम्ही दोघी होतो, हमीदा आणि मी. दोघी जिवंत आहोत.